छोटा लाकडी डबा घरी बनवताना: कापणं जमतं, क्रम चुकतो

झाकण नीट बसत नाही, रंग दिल्यावर झाकण डब्याला चिकटून बसलं, पॉलिश मारलं तर कोपऱ्यात फिकट डाग राहिले. हे तीन प्रश्न मला इतक्या वेळा आलेत की आता एकदाच सगळं सविस्तर लिहून टाकतो. यातला एकही प्रॉब्लेम हात कच्चा असल्यामुळे येत नाही बरं का. करवत जरा वाकडी गेली तर घासून सरळ करता येते, पण आतून पॉलिश करायच्या आधी डबा चिकटवून टाकला की तिथे नंतर बोटसुद्धा नीट पोचत नाही.

खाली जो डबा धरलाय तो बाहेरून २०० मिमी लांब, १४० मिमी रुंद आणि ११० मिमी उंच आहे, भिंती १० मिमी जाड. माप बदला हवं तर, क्रम बदलू नका.

आणखी एक, हे आधीच सांगतो कारण सगळा लेख त्यावर चालतो: झाकण वेगळं बनवायचं नाही. डबा आधी सहाही बाजूंनी बंद करायचा आणि मग करवतीने वरचा भाग कापून झाकण काढायचं. ऐकायला भीती वाटते, पण वेगळं बनवलेलं झाकण डब्याशी तंतोतंत जुळणं हे नवीन माणसाला जवळजवळ अशक्य असतं, आणि एकाच डब्यातून कापलेलं झाकण आपोआप जुळतं.

१) लाकूड आणि सामान

भिंतींसाठी १० मिमी जाड आणि १०० मिमी रुंद अशी एकच सरळ फळी घ्या, साधारण ७०० मिमी लांब. हिशोब असा: दोन लांब बाजू २०० च्या, दोन छोट्या १२० च्या, म्हणजे ६४० झाले, वर करवतीची जाडी आणि टोकं साफ करायला थोडं जास्तीचं. छोटी बाजू १४० ची का नाही, तर ती दोन लांब बाजूंच्या मध्ये बसते आणि दोन्हीकडच्या १०-१० मिमी भिंती वजा होतात. हे विसरून चारी तुकडे बाहेरच्या मापाने कापणारे खूप जण आहेत.

तळाला ४ मिमी प्लाय आणि वरती ६ मिमी प्लाय. वरती अख्खी फळी लावू नका, कितीही सुंदर असली तरी. लाकूड हवेतल्या ओलाव्याने फुगतं आणि आकसतं, रेष्यांच्या लांबीत जवळजवळ नाहीच पण रुंदीत चांगलं, १४० मिमी रुंदीची फळी ऋतू बदलला की मिलिमीटरभर सहज हलते. चारी बाजूंनी चिकटवून ठेवलीत तर तिला हलायला जागा नाही, मग ती तडकते किंवा सांधा उघडते. प्लायचे थर एकमेकांना आडवे असतात म्हणून तो जागच्या जागी राहतो.

फळी आणली की लगेच कापायची नाही. ज्या खोलीत काम करणार तिथे आठवडाभर ठेवा, भिंतीला टेकवून नाही तर खाली दोन पट्ट्या देऊन आडवी, म्हणजे दोन्हीकडून हवा लागते.

चेक: फळी काचेवर किंवा गुळगुळीत टाइलवर ठेवून चारी कोपरे बोटाने दाबा. डगडग करत असेल तर फळीला पीळ आहे, ती या कामाला नको.

बाकी सामान: बारीक दातांची करवत, गुण्या (काटकोन आखायची पट्टी), स्टीलची पट्टी, धारदार कटर, पांढरा वुड ग्लू, मास्किंग टेप, ३ मिमीचा ड्रिल बिट, बांबूच्या काड्या, ८०, १२०, १८० आणि २४० नंबरचा सँडपेपर. आणि मास्क. लाकडाची बारीक धूळ कॅन्सरकारक पदार्थांच्या यादीत आहे, त्यामुळे खिडकी उघडी आहे ना, मग मास्क कशाला, असं करू नका, विशेषतः एमडीएफ (लाकडाचा चुरा दाबून केलेला बोर्ड) घासताना.

२) मार्किंग आणि कटिंग

पेन्सिलने नाही, कटरने रेघ मारा. पेन्सिलची रेघ अर्धा मिलिमीटर जाड असते आणि तुम्ही तिच्या डाव्या बाजूला कापलं की उजव्या हे नंतर आठवत नाही. कटरने रेषे आधीच तुटतात त्यामुळे कड उचकटतही नाही.

फळीवर तुकडे या क्रमाने आखा: लांब, छोटा, लांब, छोटा. चौघांवर १, २, ३, ४ लिहा आणि प्रत्येकाची वरची कड बाणाने दाखवा. असं केलं की लाकडाची नक्षी कोपऱ्यावरून वळून पुढे जाते आणि डबा एका तुकड्यातून घडवल्यासारखा दिसतो. रेषे चारी भिंतींवर आडवेच हवेत. उरलेल्या तुकड्यातून वाचवायचं म्हणून एखादी बाजू उभ्या रेष्यांची कापली तर ती उंचीत हलणार नाही आणि बाकीच्या हलतील, सांधा गेलाच समजा.

समोरासमोरच्या दोन बाजू सारख्या असणं हे माप बरोबर असण्यापेक्षाही महत्त्वाचं आहे. दोन्ही लांब बाजू १९९ च्या झाल्या तर काही बिघडत नाही, एक १९९ आणि एक २०० झाली तर डबा कधीच काटकोनात येणार नाही. म्हणून कापून झालं की दोन्ही एकत्र पकडा, बोट फिरवा, पायरी लागत असेल तर दोन्ही एकत्र धरूनच सँडपेपरवर घासा.

प्लायचे दोन्ही तुकडे २०० बाय १४० पेक्षा प्रत्येक बाजूने १ मिमी मोठे कापा. नंतर घासून बरोबर करायचे.

३) आतली बाजू आत्ताच, नंतर नाही

हीच ती पायरी जी सगळे गाळतात. घाई असते ना, डबा उभा राहिलेला बघायची.

चारी भिंतींची आतली बाजू आणि दोन्ही प्लायची आतली बाजू १२०, मग १८० ने घासा, नेहमी रेष्यांच्या दिशेने. आडवं घासलं तर त्या क्षणी काही दिसत नाही, पॉलिश लागलं की ओरखडे असे उठून दिसतात की मांजराने बोचकारलंय.

मग जिथे ग्लू लागणार तिथे मास्किंग टेप लावा: लांब बाजूंच्या दोन्ही टोकांना आतून १० मिमीची पट्टी, आणि प्लायच्या चारी कडांना थोडी जास्त, १२ मिमीची, कारण प्लाय आपण मोठा कापलाय. बाकी आतल्या भागाला स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे, म्हणजे चपड्याचे, दोन पातळ हात द्या. आतून तेल किंवा ऑइल बेस वार्निश लावू नका, बंद डब्यात त्याचा वास महिनोन् महिने राहतो आणि आत ठेवलेल्या कापडाला, कागदाला लागतो. लाख लवकर वाळते आणि वास उडून जातो.

याचा दुसरा फायदा असा की लाख लावलेल्या भागावर ग्लू बाहेर आला तरी तो लाकडात मुरत नाही, वाळल्यावर नखाने किंवा बोथट पटाशीने सुटतो. कोपऱ्यातले ते फिकट डाग असतात ना, ते म्हणजे कच्च्या लाकडात मुरलेला ग्लू, तिथे रंग किंवा पॉलिश शिरतच नाही.

थांबा: टेप काढली का? टेपसकट चिकटवणारे लोक मी पाहिलेत, त्यातला एक मी.

४) सुकी जुळणी, मग ग्लू

ग्लूची बाटली उघडायच्या आधी सगळा डबा नुसता टेपने जोडून बघा. टेबलावर टेपची लांब पट्टी चिकट बाजू वर करून ठेवा, त्यावर १, २, ३, ४ बाहेरची बाजू खाली करून ओळीने मांडा आणि गुंडाळत न्या. छोट्या बाजू लांब बाजूंच्या मध्ये बसायला हव्यात, त्यामुळे गुंडाळताना त्या थोड्या आत सरकवाव्या लागतात. एकदा कोरडं केलं की हात शिकतो, ग्लू लागल्यावर शिकायला वेळ नसतो, पाचेक मिनिटांत तो धरायला लागतो.

सांधा असा आहे की छोट्या बाजूचं कापलेलं टोक लांब बाजूच्या आतल्या सपाट भागाला चिकटतंय. कापलेलं टोक म्हणजे नळ्यांचं तोंड, ते ग्लू पिऊन टाकतं आणि सांधा कोरडा राहतो. त्यामुळे टोकांना आधी ग्लूचा एक पातळ हात द्या, पाच-दहा मिनिटं थांबा, मग दुसरा हात देऊन जोडा. एवढ्या एका गोष्टीने सांध्यात फार फरक पडतो आणि ती कुणीच करत नाही.

जोडल्यावर सगळीकडून टेप ओढून लावा. टेप ताणून लावली तरच ती क्लॅम्पचं काम करते, नुसती चिकटवली तर शोभेची.

चेक, आणि हा टाळायचा नाही: दोन्ही कर्ण मोजा, कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. दोन्ही सारखे तर डबा काटकोनात. एक मोठा असेल तर त्याच कर्णाचे दोन कोपरे दोन्ही हातांनी दाबा, हळूच, परत मोजा. सपाट जागेवर ठेवा आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावू नका. तासाभरात घट्ट वाटतं पण पूर्ण ताकद यायला २४ तास लागतात.

सागवानासारखं तेलकट लाकूड असेल तर चिकटवायच्या अगदी आधी सांध्याची जागा स्पिरिटने किंवा थिनरने पुसून घ्या, नाहीतर ग्लू धरत नाही.

५) काड्या ठोका, चुका नकोत

इथे चुका म्हणजे बारीक खिळे, आणि त्या ठोकणं हीच चूक. पुढच्या पायरीत आपण डबा कापणार आहोत आणि करवतीच्या वाटेत चूक आली की करवतीचे दात गेले. त्याऐवजी बांबूच्या काड्या वापरा. लांब बाजूवरून, कडेपासून ५ मिमी आत, ३ मिमीचं भोक पाडा, २५ मिमी खोल, म्हणजे ते पुढे छोट्या बाजूच्या टोकात शिरतं. काडी ग्लूमध्ये बुडवून ठोका, वाळली की करवतीने बरोबरीने कापा. काडी सैल असेल तर बिट बारीक घ्या, काड्या सगळ्या सारख्या जाडीच्या नसतात.

जागा आत्ताच नक्की करा: भिंतीच्या खालच्या कडेपासून १५, ३८ आणि ६० मिमीवर, आणि झाकणाच्या भागासाठी ८८ मिमीवर. कापायची रेघ ७५ च्या आसपास येणार आहे, म्हणून तो पट्टा मोकळा सोडलाय.

६) तळ आणि वरचा प्लाय

भिंतींच्या वरच्या-खालच्या कडा आधी एका पातळीत आणा. काचेवर ८० चा सँडपेपर चिकटवा आणि डबा त्यावर आठाच्या आकारात फिरवा. कडांवर पेन्सिलने रेघोट्या मारून ठेवा, सगळ्या रेघोट्या पुसल्या गेल्या म्हणजे कड सपाट झाली.

मग आधी तळ, तो धरला की वरचा प्लाय. ग्लू कडेच्या मधोमध, बारीक धार. वरचा प्लाय लावल्यावर आत हात घालून पुसता येणार नाही, म्हणून तिथे कंजुषी केलेलीच बरी. वर जाड पुस्तकांचं ओझं ठेवा, पण तासाभराने एकदा बघा, ओला ग्लू साबणासारखा असतो आणि प्लाय घसरतो.

२४ तासांनी बाहेर आलेली प्लायची कड भिंतीच्या बरोबरीला घासा, मग सगळ्या बाजू १२० आणि १८० ने. फटी राहिल्या असतील तर लांबी, म्हणजे पुट्टी, भरा. रंग देणार असाल तर कुठलीही लांबी चालेल, पण पॉलिश करणार असाल तर त्याच लाकडाचा बारीक भुसा ग्लूमध्ये कालवून भरायचा मोह होतो, तो टाळा, कारण शेवटी तो ग्लूच, पॉलिशखाली डाग पडतो. लाकडाच्या रंगाची तयार लांबी आणा.

७) झाकण कापणं

डब्याच्या पुढच्या बाजूवर पेन्सिलने मोठा त्रिकोण काढा, असा की त्याचा वरचा भाग झाकणावर आणि खालचा डब्यावर येईल. झाकण उलटं फिरलं तर लगेच कळतं. हे केलं नाही तर नंतर झाकण दोन्हीकडून फिरवत बसाल, कारण ते एकाच बाजूने नीट बसतं.

रेघ मारायची पद्धत: पुस्तकांची चळत करून पेन्सिल टेबलापासून ७९ मिमी उंचीवर पक्की धरा आणि पेन्सिल न हलवता डबा फिरवा. चारी बाजूंना रेघ स्वतःला येऊन मिळायला हवी. मिळत नसेल तर तळ सपाट नाहीये, परत सहाव्या पायरीवर जा. मग त्याच रेघेवर कटर दोन-तीनदा खोल फिरवा.

आता करवत. एका बाजूने सुरू करून आरपार जायचं नाही. पुढच्या बाजूला २-३ मिमी खोल, डबा फिरवा, शेजारच्या बाजूला तेवढंच, असं गोल गोल. प्रत्येक फेरीत आधीची खाच करवतीला वाट दाखवते. लांब बाजू आरपार झाल्या की फटीत करवतीच्या पात्याएवढ्या जाडीचा पुठ्ठा सरकवा आणि टेपने बांधा, नाहीतर शेवटच्या बाजूला येता येता झाकण खाली बसतं, करवत अडकते आणि शेवटचा कोपरा मोडून येतो.

कापल्यावर दोन्ही कडा त्याच काचेवरच्या सँडपेपरवर, पण या वेळी १८० वर आणि मोजकंच. घासत राहिलात तर एका बाजूला जास्त दाब पडतो आणि फट तयार होते.

८) बिजागरी आधी बसवा, मग काढून ठेवा

रंग झाल्यावर पहिल्यांदा भोकं पाडणं म्हणजे रंगाचे टवके उडवणं. म्हणून सगळं आत्ता बसवायचं, उघडझाप करून बघायचं आणि परत काढायचं.

मागच्या बाजूला बाहेरून लावायच्या छोट्या बिजागऱ्या घ्या, खाच मारायची भानगड नाही. झाकण डब्यावर ठेवताना मध्ये व्हिजिटिंग कार्डाएवढ्या जाडीचा पुठ्ठा घाला, चारी बाजूंना. बाहेरचा रंग आणि वार्निश कडेवर थोडं तरी चढतंच, त्या जाडीला ही जागा लागते. बिजागरीचा गोल भाग बरोबर फटीच्या रेघेवर यायला हवा.

स्क्रू ८ मिमीपेक्षा लांब नको, भिंत १० मिमीच आहे. २ मिमीच्या स्क्रूला १.५ मिमीचं भोक आधी पाडा. पितळी स्क्रू मऊ असतात, त्यांची मान पटकन तुटते आणि अर्धा तुकडा आत राहतो, तो काढणं म्हणजे संध्याकाळ गेली. त्यामुळे आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू घालून काढा, मग पितळीवर जरासं मेण किंवा साबण चोळून घाला.

९) सजावट

लाकूड ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या, उठलेले रोम २४० ने हलके काढा. हे आत्ता केलं नाही तर पाण्याचा (वॉटर बेस) रंग लागला की तेच रोम उठतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. पाइनच्या गाठी असतील तर त्यांच्यावर लाखेचा हात द्या, नाहीतर राळ पांढऱ्या रंगातून पिवळी होऊन वर येते.

झाकण आणि डबा जिथे एकमेकांना टेकतात त्या कडांवर टेप लावा. त्यांना रंग द्यायचा नाही. अॅक्रिलिक रंग तासाभरात हाताला कोरडा लागतो पण आतून घट्ट व्हायला तीन-चार आठवडे जातात, तोपर्यंत दोन रंगीत कडा एकमेकींवर दाबून ठेवल्या की त्या चिकटतात. माझा पहिला डबा भेट द्यायच्या आदल्या रात्री बंद केला आणि सकाळी उघडला तर झाकणाबरोबर पुढच्या कडेचा सगळा रंग सोलून आला. आता मी त्या कडांना फक्त मेण चोळतो.

प्रायमरचा एक हात, २४० ने हलकं घासणं, मग रंगाचे दोन पातळ हात. एक जाड हात दोन पातळ हातांची जागा घेत नाही, ओघळतो.

स्टेन्सिल करणार असाल तर ब्रश जवळजवळ कोरडा हवा. रंगात बुडवा, कागदावर टिपा, अजून टिपा, आणि मग सरळ उभा धरून ठोके द्या. ब्रश ओढला की रंग स्टेन्सिलखाली शिरतो. टेपने पट्टे काढायचे असतील तर रंग पूर्ण वाळायच्या आत टेप तिरकी, स्वतःवर दुमडत काढा.

कागद किंवा नॅपकिन चिकटवायचा असेल तर खालचा रंग पांढरा किंवा फिकटच हवा, नॅपकिन पारदर्शक असतो. त्याचा फक्त वरचा छापील पापुद्रा घ्या, खालचे थर सोडवा. घरच्या इंकजेटवर काढलेली प्रिंट ओल्या ग्लूने पसरते, त्यामुळे लेझर प्रिंट वापरा. बुडबुडा राहिला तर ओला असताना चोळत बसू नका, फाटतो. दुसऱ्या दिवशी सुईने टोचून दाबा.

कागद झाकण आणि डबा दोन्हीवर अखंड हवा असेल तर बंद डब्यावर चिकटवा आणि पूर्ण वाळल्यावर नव्या ब्लेडने फटीवरून कापा. ओल्या कागदावर ब्लेड चालवू नका.

शेवटी पाण्याच्या वार्निशचे दोन-तीन पातळ हात. पांढऱ्या रंगावर ऑइल बेस वार्निश मारलं तर ते पिवळं पडत जातं.

सावधान: रंगाऐवजी बाहेरून जवसाचं तेल लावणार असाल तर तेलाची फडकी चुरगळून कचऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना गरम होतं आणि फडकी आपोआप पेटू शकतात. बाहेर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

१०) परत जोडणी आणि आतलं अस्तर

वार्निशनंतर निदान आठवडा डबा उघडा ठेवा, मग बिजागऱ्या त्याच भोकांत लावा. स्क्रू सैल लागला तर ग्लू लावलेली काडीपेटीची काडी भोकात घालून बरोबरीने तोडा आणि वाळल्यावर स्क्रू परत घाला.

कापड थेट तळाला चिकटवलं तर ग्लू वर झिरपून डाग पडतात. पुठ्ठा आतल्या मापापेक्षा दोन्हीकडून १ ते २ मिमी लहान कापा, कापड त्यावर ताणून कडा मागे दुमडून चिकटवा आणि नुसता दाबून बसवा, बदलायचं झालं तर निघतोही. चांदीचे दागिने ठेवणार असाल तर लोकरीचं फेल्ट घालू नका, लोकरीत गंधक असतं आणि त्याने चांदी काळी पडते. साधं धुतलेलं सुती कापड घाला, तेही पूर्ण वाळल्यावर.